ट्रेनिंगच्या दोन दिवसांना नको, नंतरच्या दोन वर्षांना पैसे द्या

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा गावाकडच्या शाळांतल्या शिक्षकांच्या ट्रेनिंगला जातोय ही चांगलीच गोष्ट आहे, पण तो कसा जातोय ते बघितलं की जीव तुटतो. तालुक्याच्या गावी पंचायत समितीचं सभागृह नाहीतर एखादं मंगल कार्यालय, मागे कंपनीच्या नावाचा फ्लेक्स, आसपासच्या केंद्रांतून (दहा-बारा शाळांचं एक केंद्र) बोलावलेले शे-दीडशे शिक्षक, पुण्या-मुंबईहून आलेले तज्ज्ञ, दोन दिवस पीपीटी आणि गटचर्चा, शेवटी प्रत्येकाला एक किट, एक प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा मिळून ग्रुप फोटो. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या शाळेवर, आणि पुढे वर्गात काय झालं हे विचारायला कोणी फिरकत नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र आकडा छापून येतो, इतके शिक्षक प्रशिक्षित, मग त्याला पटसंख्येने गुणून इतके हजार विद्यार्थी लाभार्थी.

माझं म्हणणं असं आहे की देणगीचा पैसा या दोन दिवसांवर घालणं थांबवा. तो पैसा नंतर वर्ष-दोन वर्षं शाळेत जाऊन शिक्षकाशेजारी बसणाऱ्या माणसांच्या पगारावर घाला, त्यांच्या प्रवासावर घाला. फ्लेक्स लावता येणार नाही, फोटोही फारसा चांगला येणार नाही, पण मूल वाचायला शिकायचं असेल तर तो रस्ता आहे.

हे मी नुसतं मनाला वाटतं म्हणून लिहीत नाहीये. शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम या संस्थेने बिहारमध्ये केलेल्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या टीमने केला होता, ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथे काही सरकारी शाळांना फक्त साहित्य दिलं, काहींना साहित्य आणि शिक्षकांना ट्रेनिंग, आणि काहींना याच्या जोडीला गावातले स्वयंसेवक. पहिल्या दोन प्रकारांत मुलांच्या शिकण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, स्वयंसेवक आले तिथे पडला. पण खरी बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे, तिथलेच सरकारी शिक्षक उन्हाळी शिबिरात त्याच पद्धतीने शिकवायला बसले तेव्हा मुलं शिकली. म्हणजे शिक्षकांना जमत नव्हतं असं नाही आणि पद्धत चुकीची होती असंही नाही. जून उजाडला की पोर्शन, कागद, माहिती, मीटिंग सगळं सुरू होतं आणि ट्रेनिंगमध्ये शिकलेलं बाजूला पडतं, कारण ते वर्गात आणताना सोबत कोणीच नसतं.

मग २०१२-१३ ला हरियाणात वेगळं करून बघितलं. रोजचा एक तास त्यासाठीच काढून ठेवला, मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गटात बसवलं, आणि ब्लॉकमधल्या साधनव्यक्तींना, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्यांना, आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवायला लावलं आणि मगच शाळाभेटींना पाठवलं. हिंदीत फरक पडला. गणितात पडला नाही, तेही सांगायला हवं, पण वाचनात पडला. कुणाला मार्गदर्शन करायला पाठवण्याआधी त्याला ते काम स्वतः करून बघायला लावायचं ही इतकी साधी गोष्ट आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये नेमकी तीच गाळली जाते.

दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण तर अजून थेट आहे. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून दोन वर्षं गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये दोन प्रकार शेजारी शेजारी चालवले. धड्यांचे आराखडे तेच, पुस्तकं तीच, फक्त एका गटातल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून वर्कशॉप दिलं आणि दुसऱ्या गटात मेंटॉर, म्हणजे शिक्षकाच्या सोबतीचा मार्गदर्शक, दर महिन्याला वर्गात जाऊन बसला. मेंटॉरवाल्या शाळांतल्या मुलांची वाचनातली प्रगती वर्कशॉपवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. खर्च जास्त आला, अर्थात येणारच, पण खर्चाच्या मानाने शिकणं मोजलं तरी मेंटॉरवालाच प्रकार परवडला.

आता हे वर्गात नेमकं कसं दिसतं ते सांगते, कारण रिपोर्टमध्ये हे कधीच येत नाही. दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. तिसरीला वजाबाकी चालू आहे, फळ्यावर ५२ वजा ३८. एक मुलगी उत्तर लिहिते २६. बाई लाल पेनाने फुली मारतात, म्हणतात हातचा विसरलीस, परत कर. ती परत करते, परत २६. त्या बाईंनी ट्रेनिंग घेतलंय, किटमधले दशकांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या कपाटात आहेत, चौथीची मुलं दुसऱ्या कोपऱ्यात गोंगाट करतायत आणि कोणीतरी दारात कसला तरी फॉर्म घेऊन उभं आहे. मागे बसलेली मेंटॉर काही न बोलता त्या मुलीजवळ जाते आणि विचारते, कसं केलंस सांग ना. मुलगी सांगते, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे ती हातचा विसरलेलीच नाही, तिला मोठ्या आकड्यातून छोटा वजा करायचा एवढंच कळलंय, ५२ म्हणजे पाच दहा आणि दोन सुटे हे तिच्या डोक्यात अजून तयारच नाही. शाळा सुटल्यावर मेंटॉर आणि बाई त्या वहीसमोर बसतात, आणखी चार मुलांच्या वह्या उघडतात आणि तिघांची चूक अगदी हीच निघते. दुसऱ्या दिवशी कपाटातले गठ्ठे बाहेर येतात, एक दशक सोडून दहा सुटे करायचे, बारातून आठ काढायचे, आणि बाई आता प्रत्येकाला विचारायला लागतात, कसं केलंस.

यात ज्ञान म्हणाल तर नवीन काहीच नाही, हे सगळं त्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये सांगून झालेलं असतं. सांगितलेलं आणि वर्गात उतरलेलं यात जे अंतर आहे ते कापायला सोबत लागते आणि ती सोबत कुठल्याही पीपीटीत मावत नाही. निष्ठासारखे शिक्षक प्रशिक्षणाचे मोठे सरकारी कार्यक्रम झाले, निष्ठा २०१९ ला सुरू झाला तेव्हा ४२ लाख शिक्षकांचं टार्गेट होतं, कोरोनात ते सगळं दीक्षा ॲपवर गेलं, मॉड्यूल संपवलं की सर्टिफिकेट. नवीन शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाचं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण व्हावं. तास भरतीलच हो, तास भरणं अवघड नाही. पण असरच्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी २३.४ टक्केच निघाली, आणि ही आधीपेक्षा सुधारणा आहे, २०२२ ला ती १६.३ होती. चारातली तीन मुलं मागे आहेत आणि आपण अजून प्रशिक्षणाचे तास मोजतोय.

मग डोनर तरी असं का वागतात? वाईट हेतूने कोणी करत नाही, पैशाचा आकारच तसा आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करणं बंधनकारक. वर्ष संपतं ३१ मार्चला. खर्च झाला नाही तर तो पैसा सरकारी फंडात भरायला लागतो, म्हणून डिसेंबर उलटला की धावपळ सुरू होते आणि लवकर खर्च होणारी, लवकर दाखवता येणारी कामं निवडली जातात, बिल्डिंग, टॅब, टीव्ही, वॉटर फिल्टर, दोन दिवसांचं ट्रेनिंग. जानेवारी-फेब्रुवारीत तर शाळेत श्वास घ्यायला वेळ नसतो तरी ट्रेनिंग तेव्हाच येतं.

पण कायद्यात अडचण आहे असं मात्र कोणी म्हणू नये. चालू प्रोजेक्ट म्हणून बोर्डाने मंजूर केलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो, न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवता येतो. म्हणजे कायदा स्वतः चार वर्षांच्या कामाला वाट देतोय. ते करायचं नाही हा निर्णय कंपनीत होतो, आणि तो बदलता येतो.

दुसरा प्रश्न पैसा कुठे जातो याचा. कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं त्याच कलमात लिहिलंय. ऐकायला योग्य वाटतं पण परिणाम काय होतो बघा, जिथे कारखाने तिथे सीएसआर. पुणे, मुंबई, ठाणे, रायगडकडच्या शाळेत एकाच वेळी तीन संस्था आलेल्या मी बघितल्यात, तीन वेगवेगळी किट, तीन वेगवेगळ्या टेस्ट, शिक्षक वैतागलेले. आणि अक्कलकुवा, धडगाव, भामरागड, एटापल्लीकडे कोण जाणार? २०१८ साली केंद्राने मागास जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून यादी केली त्यात महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद होतं, कंपन्यांनी तिथे जावं असं आवाहनही झालं. आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं म्हणजे फक्त तिथेच द्यायचं असं नाही हे सरकारने स्वतः स्पष्ट केलेलं आहे. पण कंपनीच्या माणसाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशीच शाळा निवडली जाते हे वास्तव आहे.

आणि जिथे गरज सगळ्यात जास्त तिथे ट्रेनिंगचा मुद्दा अजून वेगळा होतो. मूल घरी माडिया बोलतं, गोंडी बोलतं, मेळघाटात कोरकू, सातपुड्यात भिली किंवा पावरी, आणि पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी. शिक्षक बाहेरून बदलीवर आलेला, त्याला त्यातलं अवाक्षर येत नाही. या शिक्षकाला पुण्यातल्या तज्ज्ञाने तयार केलेलं मॉड्यूल काय कामाचं? त्याला हवा असतो त्या भागातलाच, ती भाषा येणारा, बारावी-डीएड झालेला एखादा तरुण किंवा तरुणी, जो वर्गात बसेल, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलेल आणि शिक्षकाला पन्नास-शंभर वाक्यं शिकवेल. अशी माणसं तिथे आहेत. त्यांना वर्षभर नीट पगार देणारा डोनर नाहीये.

पगाराचं तर बोलायलाच हवं. संस्थांच्या फील्डवरच्या माणसांना मिळणारे पैसे आणि त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा यांचा काही मेळच बसत नाही. टू-व्हीलरवर घाट चढून शाळेत जायचं, शिक्षकाचा विश्वास मिळवायचा (ज्याला दोन टर्म सहज लागतात), मुलांची चाचणी घ्यायची, रात्री डेटा भरायचा, आणि मार्च आला की पुढच्या वर्षी आपलं काम आहे की नाही हे माहीत नाही. बजेटवर चर्चा करताना डोनरचा पहिला प्रश्न असतो की मनुष्यबळावर एवढा खर्च का, साहित्यावर जास्त दाखवा ना. या कामात मनुष्यबळ हेच काम आहे. सर्जनचा पगार कापून कात्री-सुऱ्या जास्त घ्या असं आपण हॉस्पिटलला सांगत नाही. चांगली मेंटॉर तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात आणि करार संपला म्हणून ती निघून गेली की तिच्यासोबत त्या वीस शाळांची सगळी माहिती निघून जाते, कुठल्या गुरुजींना कशात मदत लागते, कुठल्या बाई आता स्वतःच दुसऱ्यांना शिकवू शकतात, सगळं.

परदेशी देणग्यांची वाट तर अजून अरुंद झालीय. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. पूर्वी मोठी संस्था फंड आणायची आणि आदिवासी पट्ट्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची, ते बंद. छोट्या संस्थेला स्वतःचं रजिस्ट्रेशन, दिल्लीतल्या स्टेट बँकेत खातं, ऑडिट हे सगळं स्वतः करावं लागतं, ते किती जणांना झेपणार. म्हणूनच देशातल्या देणगीदारांवर, फक्त कंपन्याच नाही तर गावातून शहरात गेलेल्या, आता चार पैसे बाळगून असलेल्या माणसांवरही जबाबदारी वाढलीय असं मला वाटतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शिक्षक सरकारचे, शाळा जिल्हा परिषदेच्या, मग त्यांच्या प्रशिक्षणाला देणगी कशाला? अशाने सरकार हात झटकून मोकळं होईल. १९८६ च्या धोरणाने जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाच्या सरकारी संस्था, आणली ती याचसाठी ना, केंद्रप्रमुख नेमले ते याचसाठी ना. बरोबर आहे. केंद्रप्रमुख हा आपल्याकडचा खरा मेंटॉर असायला हवा, दहा-बारा शाळांना भेटी द्यायच्या, महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची बैठक म्हणजे शिक्षण परिषद घ्यायची, अडचणी सोडवायच्या. पण अनेक ठिकाणी ही पदं रिकामी, एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा चार्ज, आणि जे आहेत ते माहिती गोळा करून वर पाठवण्यात बुडालेले. शिक्षकांचंही तेच, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामाला लावू नये असं स्वच्छ लिहिलंय, आणि निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम वर्षभर चालू. या सगळ्यासाठी भांडलंच पाहिजे, संघटनांनी भांडावं, पालकांनी भांडावं, आपण लिहावं.

पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत आज तिसरीत असलेली मुलगी दहावीला पोचेल, किंवा त्याआधीच शाळा सोडेल. ५२ वजा ३८ चं उत्तर २६ नाही, १४ का येतं हे तिला आज कळायला हवं. म्हणून मी म्हणते की देणगीने सरकारी व्यवस्थेला बायपास करू नये, तिच्यातच घुसून तिला माणूसबळ द्यावं. शिक्षण परिषद महिन्याला होतेच, ती नुसती सूचना वाचून दाखवण्याची मीटिंग न राहता त्यात मुलांच्या वह्या टेबलावर याव्यात, यासाठी संस्थेचा माणूस केंद्रप्रमुखाच्या सोबत बसावा. वेगळी टेस्ट, वेगळं ॲप, वेगळा ग्रुप काढू नये. आणि करारातच लिहून घ्यावं की तिसऱ्या वर्षापर्यंत केंद्रातले चार-पाच शिक्षक स्वतः साधनव्यक्ती म्हणून उभे राहतील, त्यांना त्यासाठी शाळेतून महिन्याला ठराविक दिवस मोकळे करायची जबाबदारी जिल्हा परिषदेची.

हे होत नाही असं नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचं काम सुरू केलं, सरकारी शाळा, सरकारी शिक्षक. १९७८ ला ते जिल्हाभर गेलं, १९८२ ला त्यातून एकलव्य संस्था उभी राहिली. त्या कामाचा कणा होता तो शिक्षकांच्या मासिक बैठका आणि शाळाभेटी, विद्यापीठातले प्राध्यापक गावातल्या शिक्षकांसोबत बसून तेच प्रयोग करायचे, आणि शिक्षकच पुढे दुसऱ्या शिक्षकांचे प्रशिक्षक झाले. तीस वर्षं चाललं. २००२ ला राज्य सरकारने बंद केलं, हा धडा देखील देणगीदाराने लक्षात ठेवावा, सरकारी दार उघडं राहील याची खात्री नसते, म्हणून माणसं तयार करण्यावर पैसा घालावा, ती राहतात. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी ज्ञानरचनावादावर, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्यावर, काम केलं ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, तिथे शिक्षक शिक्षकाकडून शिकला, फळ्यासमोर, खऱ्या मुलांमध्ये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग १९५७ पासून कोसबाडला राहिल्या, तिथेच मुलांमध्ये राहून बालवाडीच्या बायका तयार केल्या. आज वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून क्वेस्ट ही संस्था शिक्षकांसोबत असंच दीर्घ पल्ल्याचं काम करते. म्हणजे कसं करायचं हे आपल्याला माहीत आहे, पैसा त्या मापाचा येत नाही एवढंच.

तेव्हा तुम्ही कंपनीच्या सीएसआर टीममध्ये असाल, किंवा एखाद्या ट्रस्टवर असाल, किंवा स्वतःच्या खिशातून गावच्या शाळेला काही द्यायचं मनात असेल, तर संस्थेला एवढं विचारा. तुमची मेंटॉर एका शाळेत महिन्यातून किती वेळा जाते, तिने स्वतः कधी मुलांना शिकवलंय का, तिचा पगार किती आणि ती किती वर्षं तुमच्याकडे आहे. प्रशिक्षित शिक्षकांचा आकडा मागूच नका, त्याऐवजी दोन शाळांतल्या त्याच मुलांच्या जूनच्या आणि मार्चच्या वह्या मागा. पहिल्या वर्षी आकडे हलले नाहीत तर प्रोजेक्ट बंद करू नका, पहिलं वर्ष विश्वास मिळवण्यात जातं. आणि शाळेला भेट द्यायला जाणार असाल तर सत्कार नको, स्वागतगीत नको, फोटो नको असं आठ दिवस आधी मुख्याध्यापकांना स्वतः फोन करून सांगा, कारण त्या तयारीत मुलांचे दोन-तीन दिवस जातात. गाजावाजा न करता जा, मागे खाली बसा, गणिताचा एक अख्खा तास बघा आणि सुट्टीत बाईंना विचारा की पुढच्या महिन्यात तुम्हाला नेमकी कशात मदत हवी आहे.